टेकडीखालची खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे. घरातली नव्हे, सलूनमधली. बिडाचा जड पाय, मान टेकायला कातड्याची उशी आणि बसणाऱ्याला वर-खाली करायला बाजूला एक दांडा, असे माझे रूप. तो दांडा आता अडकतो आणि ओढला की मी कुरकुरते. म्हातारपणी नाही कुरकुरायचे तर कधी कुरकुरायचे, मित्रांनो?

माझा जन्म भट्टीत झाला. वितळलेले बीड साच्यात ओतले, थंड झाल्यावर घासले, वर काळा रंग चढवला, आणि मी एका कुलपांच्या गावात आले. त्या गावात गल्लोगल्ली कुलपांचे छोटे कारखाने होते. सकाळ झाली की इकडून कानशीची किरकिर, तिकडून हातोडीची ठकठक. माझ्या मालकाला सगळे गाव ‘मामा’ म्हणायचे आणि त्याच्या बायकोला ‘मामी’. त्यांना उशिरा झालेली एकुलती एक मुलगी, तिचे लाडाचे नाव चिंगी. चिंगी माझ्या पायाशी पडलेल्या केसांत बोटाने घोडागाडी काढत वाढली.

मामांच्या दुकानात एकच कायदा होता. जो आधी आला तो आधी बसेल. मग तो कोणी का असेना. गावातल्या सर्वांत मोठ्या कारखान्याचे मालकसुद्धा हातात पेपर घेऊन बाकावर बसायचे, आणि शेजारी त्यांच्याच कारखान्यातला पॉलिशवाला मांडी घालून बसलेला असायचा.

एकदा तो पॉलिशवाला म्हणाला, “मालक, भट्टीशेजारी एक पंखा लावा की. जीव जातो उकाड्यानं.”

“अरे, इथेही कामाचंच बोलायचं का?” मालकांनी पेपर तोंडावर धरला.

“मग कधी बोलायचं? कारखान्यात तुम्ही निसटता. इथे नंबर येईपर्यंत कुठे पळाल?”

सगळे दुकान हसले. मालकही हसले. पुढच्या आठवड्यात पंखा लागला, हे मला पॉलिशवाल्याच्या मानेवरून कळले. घामोळे गेले होते.

आता तुम्हाला वाटेल, त्या गावात सगळे सारखेच होते. तसे मुळीच नव्हते. मालकांचे घर दुमजली होते, पॉलिशवाल्याचे एका खोलीचे. पण दोघांची मुले एकाच शाळेत एकाच बाकावर बसायची, त्यामुळे शाळेचे छप्पर गळाले की मालकांनाच आधी झोंबायचे. आणि एका मालकाशी बिनसले तर माणूस सरळ शेजारच्या गल्लीत कामाला लागायचा. म्हणून कोणी कोणाशी फार चढून बोलत नसे. मला तेव्हा वाटायचे, जगात सगळीकडे असेच असणार. खुर्चीचे जग ते केवढे!

पुढे बाहेरून स्वस्त कुलपे येऊ लागली. एकेक कारखाना बंद पडला. दुमजली घरवाले मालकही गाव सोडून गेले आणि पॉलिशवालाही. डोकीच उरली नाहीत तर कात्री चालणार कशावर? मामा तरी चिकटून राहिले असते, पण मामीने विषय लावून धरला.

“जिथे पैसा आहे तिथे जाऊ,” ती म्हणाली. “पैसा असेल तिथे चांगली शाळा असेल. आपली चिंगी हुशार आहे. तिला नुसतं केर काढायला लावणार आहात का?”

अशा रीतीने दोरखंडाने करकचून बांधलेली मी, ट्रकच्या पाठीवर बसून, एका दगडखाणीच्या गावात आले.

इथे पैसा होता, मामीचे काही खोटे नव्हते. टेकडीवर बंगले होते, बागा होत्या, कुंपणाच्या आत लाल कौलांची शाळा होती. टेकडीखाली पत्र्याच्या खोल्यांची रांग, मधोमध एक नळ आणि चौथीपर्यंतची एक शाळा. त्या रांगेच्या टोकाला मामांनी दुकान थाटले. दगडाच्या धुळीने माझी काळी कांती महिन्याभरात करडी झाली.

“इतका पैसा आहे तर खाली का दिसत नाही?” मामी एकदा वैतागून म्हणाली.

तेव्हा माझ्यावर सुरुंगवाला बसला होता. खडकात सुरुंग लावणे हे त्याचे काम. आवाजाने एक कान गेलेला, म्हणून तो सगळ्या जगाशी ओरडूनच बोलायचा. तो ओरडला, “मामी, तुमच्या गावात दहा दारं होती. एक बंद झालं की दुसरं वाजवायचं. इथे दार एकच, खाणवाल्यांचं! दगड त्यांचा, खोली त्यांची, नळ त्यांचा, शाळा त्यांची. भांडायचं कोणाशी, आणि भांडून जायचं कुठे?”

“हळू बोल रे,” बाकावरचा कोणीतरी घाबरून म्हणाला.

चिंगीची चौथी झाली होती. पुढे शिकायचे तर टेकडीवरच्या शाळेशिवाय उपाय नव्हता. खालच्या वस्तीसाठी तिथे दोन-चारच जागा असत आणि त्या खाणीच्या मोठ्या साहेबांच्या शब्दावर मिळत. साहेबांचा ड्रायव्हर मामांकडे दाढीला यायचा. त्याने चिंगीचा विषय साहेबांकडे काढायचे कबूल केले होते. “संधी मिळाली की घालतो कानावर. काम झालंच समजा,” तो म्हणाला, तेव्हा मामीने त्याला दोनदा चहा पाजला. चिंगीने आरशासमोर उभी राहून टेकडीवरच्या मुलींसारखी घट्ट वेणी घालून पाहिली.

आणि त्याच आठवड्यात ते घडले.

टेकडीवर जाऊन साहेबांची दाढी करणारा माणूस आजारी पडला होता. साहेबांना कुठेतरी घाईने जायचे होते. त्यांची गाडी आमच्या दारात थांबली. माझ्यावर सुरुंगवाला होता, अर्धी दाढी झालेली, अर्ध्या गालावर फेस. साहेब आत येताच बाकावरची सगळी माणसे उभी राहिली. सुरुंगवालाही गळ्यातल्या फडक्यासकट उठला.

साहेब कोण हे मामांना कळले नाही असे नाही. पण उभ्या आयुष्याची सवय तोंडातून बोलून गेली. “या साहेब, बसा बाकावर. याचं झालं की घेतो तुम्हाला.” आणि सुरुंगवाल्याचा खांदा दाबून त्याला पुन्हा खाली बसवत मामा हसले, “अरे बस! अर्धी दाढी घेऊन कुठे निघालास?”

कुलपांच्या गावात यावर हशा पिकला असता. इथे कोणी श्वाससुद्धा घेतला नाही. साहेबांनी रिकाम्या बाकाकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले, “असू दे,” म्हणाले आणि निघून गेले. त्यांच्यामागे सुरुंगवालाही अर्ध्या गालावरचा फेस पुसत पळाला. मामा वस्तरा हातात घेऊन तसेच उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी दुकानात कोणी आले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. त्यांना कोणी मनाई केली नव्हती, मित्रांनो. ज्याचे त्यानेच ठरवले होते. सुरुंगवाला रस्त्याच्या पलीकडून मान खाली घालून जायचा. ड्रायव्हरने तर या गल्लीत गाडी आणणेच सोडले.

शाळा सुरू व्हायचे दिवस आले आणि चिंगीच्या जागेचा निरोप काही येईना. शेवटी मामांनी धुतलेला शर्ट घातला आणि माफी मागायला ते टेकडी चढून गेले. परत आले तेव्हा ऊन कलले होते. आल्या आल्या ते माझ्यावर बसले. इतक्या वर्षांत ते स्वतः माझ्यावर कधीच बसले नव्हते. त्यांचे अंग इतके हलके असेल असे मला वाटले नव्हते.

“भेटले का साहेब?” मामीने विचारले.

“भेटले.”

“फार रागावले?”

“रागावले असते तर बरं झालं असतं गं. पाय तरी धरता आले असते,” मामा म्हणाले. “मी म्हटलं, साहेब, त्या दिवशी दुकानात माझं चुकलं. तर म्हणतात, कुठलं दुकान? त्यांना काही आठवतच नव्हतं.”

“आणि चिंगीचं?”

“कोण चिंगी, म्हणाले. ड्रायव्हरनं भीतीनं आपलं नावच काढलं नाही. जागा भरल्या.”

चिंगी आरसा पुसत होती. ती एकच जागा पुसत राहिली.

मी लोखंडाची, मला रडता येत नाही. पण त्या संध्याकाळी मला फार वाईट वाटले. कुलपांच्या गावात मालक मामांशी तावातावाने भांडले असते आणि चार दिवसांनी त्याच बाकावर येऊन बसले असते. इथे भांडणालाही जागा नव्हती. वरच्या माणसाला खालच्याचा चेहराच माहीत नव्हता, आणि खालची माणसे मात्र त्याच्या न आलेल्या रागालाही भीत होती.

मामांनी त्या दिवसापासून आपला कायदा सोडला. टेकडीवरचे कोणी आले, अगदी तिथला माळी आला, तरी ते माझ्यावरच्या माणसाला स्वतःच उठवायचे. हळूहळू गिऱ्हाईक परतले. चिंगीने हातात ब्रश घेतला, मग कात्री घेतली. तिचा हात मोठा हलका. “पोरीचा हात म्हणजे लोणी!” असे कोणी म्हणाले की मामा भिंतीकडे तोंड करून वस्तरा पुसत बसायचे. आता मामा नाहीत. मामीला दिसत नाही. दुकान चिंगीच चालवते.

परवाची गोष्ट. माझ्यावर एक म्हातारा खडी फोडणारा बसला होता. तोंडभर फेस. इतक्यात बाहेर एक मोठी गाडी थांबली. गाडीतून अजून कोणी उतरलेही नव्हते, तोच चिंगी पटकन म्हणाली, “उठा आजोबा, उठा!” आजोबा गुडघ्यांवर हात टेकून उठले. चिंगीने फडके झटकले, माझी उशी पुसली. गाडीची काच खाली झाली, आतल्या माणसाने हमरस्ता कोणता ते विचारले, आणि गाडी निघून गेली.

चिंगी दाराकडे पाहत राहिली. आजोबा कोपऱ्यात उभेच होते. गालावरचा फेस वाळायला लागला होता. मी समोर रिकामी होते, तरी ते बसेनात.

“बसू का गं पोरी?” त्यांनी हळूच विचारले.

मित्रांनो, मला तेल घाला, माझी उशी शिवा, असे मी काही मागत नाही. पण ज्या गावात म्हाताऱ्या माणसाला आपल्याच जागी बसायला असे विचारावे लागते, तिथे तुम्ही कधी गाडीतून उतरलात, तर एवढेच करा. आधी त्याला बसवा, आणि मग बाकावर बसून त्याचे नाव विचारा.