फोरमनसाहेबांचं घर

फर्निचरचा कारखाना बंद झाला तेव्हा पॉलिशमास्तरांना वाटलं, हे काही फार दिवस चालायचं नाही. "माणसं काय आता उभ्यानं जेवणार आहेत? खुर्च्या लागणारच," असं ते गेटवर म्हणाले, आणि रडवेले चेहरे करून उभे असलेले चारजण हसलेसुद्धा. पण दिवसच असे आले होते की खुर्ची मोडली तर लोक खिळा ठोकून तीच वापरत. मास्तरांनी दुकानं पालथी घातली, गोदामं पालथी घातली. सगळीकडे त्यांना चहा मिळाला आणि "कळवतो" मिळालं. कळवलं कुणीच नाही.

बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती एक लेक लांबच्या शहरात, पदरात तान्हं मूल. जावयाची नोकरीही आज आहे, उद्याचं सांगता येत नाही अशी. ती सुट्टीच्या दिवशी फोन करायची.

"बाबा, काम कसं चाललंय?"

"जोरात. डोकं वर काढायला फुरसत नाही."

"जपून हं. त्या पॉलिशच्या वासानं खोकला होतो तुम्हाला."

"होतो थोडा," मास्तर म्हणायचे आणि खोकून दाखवायचे. फोन ठेवला की दोन खोल्यांचं ते घर अंगावर यायचं.

सगळ्यांत कठीण सकाळच असायची. इतक्या वर्षांची सवय, डोळा वेळेवर उघडायचा. मग ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडायचे आणि रस्त्याच्या टोकाला गेल्यावर डावीकडे वळावं की उजवीकडे, हेच त्यांना कळायचं नाही.

पिठाचा डबा रिकामा झाला, तांदळाचाही, तेव्हा ते वस्तीच्या सेवाकेंद्रात गेले. तिथे दुपारी गरम जेवण मिळतं, हे त्यांना केव्हापासून माहीत होतं. आजवर पाय उचलला नव्हता एवढंच. रांगेत कुणी ओळखीचं दिसलं तर काय, म्हणून ते खाली मान घालून उभे राहिले. केंद्र चालवणाऱ्या ताई पूर्वी नर्स होत्या. त्यांची नजर माणूस बसतो कसा, उठतो कसा, यावरच आधी जायची. मास्तरांनी जेवून झाल्यावर आपलं ताट घासलं, शेजारची दोन घासली, मग एक हलणारं बाक उलटं करून त्याचा पाय ठोकायला घेतला.

"पाहुणे, थांबा," ताई म्हणाल्या. "जेवणाची फेड करताय का?"

"नाही हो. हात शिवशिवतात."

"मग उद्यापासून टेम्पोवर जाल का? पगार नाही देता येणार. दोन वेळचं जेवण आणि माणसांची सोबत, एवढंच आहे माझ्याकडे."

टेम्पोवरचं काम म्हणजे घरं रिकामी करणं. एकटं राहणारं कुणी वारलं, आणि मागे कुणी नसलं, की घरमालक केंद्राला कळवायचा. भांडी, अंथरूण, कपाटं आणायची, धुऊनपुसून गरजूंना द्यायची. टेम्पोवाला बडबड्या होता, गाणी म्हणत सामान उतरवायचा. मास्तर मात्र कुठल्याही घरात शिरताना चपला दाराबाहेर काढायचे.

"मास्तर, आता कोण रागावणारेय?" टेम्पोवाला म्हणायचा.

"असू दे," मास्तर म्हणायचे.

या कामात ते रुळले. पण संध्याकाळी घरी आले की त्या परक्या खोल्या त्यांच्याबरोबर यायच्या. उशीला पडलेला खळगा, दोरीवर वाळत राहिलेला एकच सदरा. आपल्या घरात आलेला माणूस काय काय उचलेल, असा विचार करत ते दिवा न लावताच बसून राहायचे.

एके दिवशी ते एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर गेले. एकच खोली, नीटनेटकी. खिडकीपाशी लहानसं कपाट होतं. मास्तरांनी त्याच्या दारावरून सहज हात फिरवला आणि हात तिथेच थबकला. हे पॉलिश त्यांच्याच हातचं होतं. कडेला जरा जास्त बसलेला रंग, खालच्या कोपऱ्यात त्यांच्या बोटाचा ठसा. डाग पडला म्हणून विक्रीतून काढलेलं हे कपाट कुणी नेलं होतं, हेही त्यांना आठवलं. त्यांनी भिंतीकडे पाहिलं. फोटोत कारखान्याचे फोरमनसाहेब उभे होते, बायकोशेजारी, फोटोतसुद्धा कपाळाला आठी.

कारखान्यात त्यांना सगळे पाठीमागे 'खडूस' म्हणायचे. मास्तरांचंही त्यांच्याशी कधी जमलं नव्हतं. शेवटच्या दिवशी गेटवर ते कुणाशी न बोलता ताठ मानेनं निघून गेले होते, आणि मास्तर म्हणाले होते, "याला काय कमी आहे!"

शेजारीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "झोपेतच गेले बिचारे. आदल्या दिवशीसुद्धा कामावर गेले होते."

"कामावर?"

"हो ना. रोज सकाळी डबा घेऊन निघायचे, दिवेलागणीला यायचे. मी म्हणायची, भाऊ, या वयात किती राबाल? तर म्हणायचे, माझ्याशिवाय त्यांचं पान हलत नाही." बाईंनी डोळे पुसले. "एवढा मोठा कारखाना, पण कुणी साधं भेटायला नाही आलं. तुम्हाला माहितीये का हो तो कारखाना?"

टेम्पोवाला तोंड उघडणार, तेवढ्यात मास्तर म्हणाले, "मी तिथलाच आहे. खरंच पान हलत नव्हतं त्यांच्याशिवाय. आम्हाला कळलं उशिरा, म्हणून यायला उशीर झाला."

"बरं झालं आलात," बाई म्हणाल्या. त्यांना हलकं वाटलेलं दिसलं.

जिन्यात कपाट उतरवताना मास्तरांच्या मनात तेच घोळत होतं. दिवसभर कुठे बसत असेल हा माणूस? बागेत? स्टेशनवर? कदाचित एखाद्या रस्त्यावर आपणच त्याच्या समोरून गेलो असू, दोघंही इस्त्रीचे शर्ट घालून, दोघंही घाईत असल्यासारखे.

त्या संध्याकाळी त्यांनी सुट्टीची वाट न पाहता लेकीला फोन लावला.

"बाबा? काय झालं? बरे आहात ना?"

"बरा आहे. ऐक, कारखाना बंद पडलाय. केव्हाच. मी तुला थापा मारत होतो."

पलीकडे मूल रडलं, तिनं त्याला गप्प केलं.

"मग जेवता कुठे?"

"सेवाकेंद्रात. तिथे काम करतो."

"आणि मी खोकल्याचं विचारत बसले," ती म्हणाली. तिचा आवाज फुटला. "इकडे या. जे असेल ते वाटून खाऊ."

"तुमचंच कसंबसं चाललंय. नको. पण यापुढे खरं बोलेन, तूही बोल."

"मग ऐका," ती म्हणाली, "यांचीही नोकरी गेलीये. मागच्याच महिन्यात." आणि बापलेक, का कोण जाणे, दोघंही हसायला लागले.

पुढे ताईंनी केंद्रामागची पत्र्याची शेड मास्तरांना दिली. मोडकं सामान तिथे दुरुस्त होऊ लागलं. जवळच्या शाळेनं बाकं पाठवली, मग दवाखान्यानं खुर्च्या, आणि ताईंना थोडाफार पगार देता येऊ लागला. त्याच्यातलं काही मास्तर लेकीकडे पाठवत. जावयाला काम लागल्यावर ती मुलाला घेऊन राहून गेली. मूल घरभर रांगलं, सगळी भांडी खाली आली. ती गेल्यावर मास्तरांनी एकेक भांडं जागेवर ठेवलं. एक वाटी कॉटखाली गेली होती. वाकून काढायचा कंटाळा आला, बाळ पुन्हा येईल तेव्हा काढेल म्हणत त्यांनी ती तशीच राहू दिली, आणि शेडची किल्ली घेऊन ते बाहेर पडले.