वाढदिवसाचा पांढरा भात

मी एक जुना, विजेवर चालणारा, जेमतेम दोन माणसांपुरता भाताचा कुकर आहे. माझा एक पाय मोडका आहे, त्यामुळे मी जरा तिरका बसतो. पण मित्रांनो, आज मी पायाचं रडगाणं गायला बसलेलो नाही. मी संतापलो आहे. भांड्याला कसला आलाय संताप, असं म्हणण्याआधी माझं ऐकून तर घ्या.

कारखान्यातल्या जन्मात सांगण्यासारखं काही नाही. माझं आयुष्य खरं सुरू झालं ते दूर पूर्वेच्या समुद्रातल्या बेटावर, कुदुस गावात, कासियेमच्या हाती आलो तेव्हा. कासियेम लवंग घातलेल्या सिगारेटी वळायला जायची. आईबाप लवकर गेले, म्हणून धाकटी बहीण सुमियाती हिला तिनेच वाढवलं. पहाटे उठून ती मला लावी आणि माझ्या भातावर दोघींची पोटं भरत. "हा माझा गडी कधी भात करपू देत नाही," असं ती शेजारणींना सांगे, तेव्हा मला आभाळ ठेंगणं होई. पुढे घरात मोठा कुकर आला आणि माझी रवानगी फडताळात झाली. कित्येक वर्षं झुरळांच्या संगतीत काढली. तेव्हाही रागावलो होतो, पण तो राग अगदीच पोरकट होता.

सुमियाती आणि तिचा नवरा दार्सोनो गावच्या मंडळींबरोबर व्हिएन्नाच्या सहलीला निघाले, तेव्हा कासियेम दवाखान्यात होती. हृदय दुबळं झालं होतं. सुमियाती जायलाच तयार नव्हती. शेवटी कासियेमने मला घरून मागवलं आणि तिच्या पिशवीत कोंबलं.

"जा गं बाई. पैसे भरलेत ना? नुसता पाव चावून दात पडतील तिथे. भात खा आणि मजा कर."

निघताना सुमियातीने नवऱ्याला बजावलं, "ताईचं काही बरंवाईट झालं, तर मला लगेच सांगायचं. घ्या शपथ." त्याने शपथ घेतली. मी पिशवीत होतो, मी ऐकली.

हॉटेलात खोलीत शिजवायला बंदी होती, म्हणून मला पलंगाखाली लपवत. सकाळी खिडकी उघडून चोरून भात लावायचा, त्यावर तिखट मिरचीचा ठेचा घ्यायचा आणि मग मंडळींबरोबर बसमध्ये चढायचं, असा त्यांचा क्रम होता. दवाखान्यात कासियेमजवळ थांबलेला दार्सोनोचा भाचा त्याच्या मोबाइलवर खबर देई. "डॉक्टरांनी ताईला बोलू देऊ नका म्हटलंय," असं कळल्यामुळे सुमियाती स्वतः फोन करत नसे.

एका सकाळी ती आंघोळीला गेली असताना फोन वाजला. कासियेम गेली होती. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे त्याच दिवशी माती व्हायची होती. दार्सोनो डोळे पुसत बसला. मला वाटलं, बायको बाहेर आली की सांगेल.

"आला का फोन?" तिने केस पुसत विचारलं.

"आला. बरी आहे. थोडी पेज घेतली म्हणे."

मित्रांनो, माझा तळ तापला! प्रवासातल्या माणसाला वाईट बातमी द्यायची नाही, अशी आमच्याकडे पद्धत आहे, हे मला ठाऊक आहे. पण नुसतं गप्प बसणं वेगळं. दुसऱ्या दिवशीही त्याने तेच सांगितलं. मेलेल्या बाईला हा माणूस रोज पेज पाजत होता!

आणि त्याने सांगितलं कुणाला? बसमधल्या एकूण एक माणसाला. त्यामुळे जो तो सुमियातीला जपू लागला. कुणी खिडकीची जागा दिली, कुणी घरून आणलेला शेवटचा सुका मासा दिला. संध्याकाळी ती खोलीत येऊन कौतुकाने म्हणे, "अहो, किती चांगली माणसं भेटली आपल्याला!" माझ्या जिवाचा नुसता संताप होई. सख्ख्या बहिणीला तेवढी खबर नव्हती.

मग एका दुपारी शेजारच्या खोलीतल्या लिलिकबाई आल्या. "तुमचा कुकर द्या ना जरा. नातवाचा वाढदिवस आहे तिकडे, इथे आपण त्याच्या नावाने भात खाऊ." सुमियातीने हसत मला त्यांच्या हवाली केलं. तिला एका बाईबरोबर चॉकलेटची दुकानं बघायला धाडलं आणि पुरुष काळ्या टोप्या घालून लिलिकबाईंच्या खोलीत जमले. कासियेमसाठी दुआ म्हटली गेली. तिच्याच कुकरात, तिच्याच नावाचा भात शिजला.

सुमियातीचे पाय दुखले, ती लवकर परतली. तिने लिलिकबाईंचं दार उघडलं. लिलिकबाईंनी लगबगीने ताटली पुढे केली. सुमियाती भाताकडे बघत राहिली.

"वाढदिवसाला पांढरा भात?"

आमच्याकडे वाढदिवसाचा भात हळद घालून पिवळा करतात. पांढरा करतात तो गेलेल्या माणसासाठी. हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"हळद... हळद विसरले बघा मी," लिलिकबाई म्हणाल्या. सुमियातीने पुरुषांच्या टोप्यांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"कधी?"

"बुधवारी," दार्सोनो पुटपुटला. "तू पोचली नसतीस गं. माती त्याच दिवशी झाली."

"मग पेज कुणी घेतली?"

त्याने टोपी काढून हातात घेतली.

"नसते पोचले," ती म्हणाली. "रडले तर असते! तुम्ही सगळे माझ्या ताईसाठी बसलात, आणि मला चॉकलेट बघायला पाठवलंत?"

 सुमियाती मंडळींच्या मधोमध जमिनीवर बसली. पदर डोक्यावर ओढला.

"पुन्हा म्हणा. पहिल्यापासून."

आणि त्यांनी पहिल्यापासून म्हटलं. ती इतक्या मोठ्याने रडली की हॉटेलची माणसं दाराशी आली. मी समोरच तिरका बसलेलो होतो, पण त्या दिवशी मला कुणी लपवलं नाही.

मित्रांनो, आमच्या जातीतले सगळे शेवटी विनवतात की आम्हाला घासूनपुसून ठेवा, अडगळीत टाकू नका. मला खुशाल टाका. माझं मागणं एवढंच आहे की, ज्याचं माणूस गेलं त्याला ते सांगा. त्याच्या वतीने रडायचं तुम्ही ठरवू नका. अहो, माझ्यासारख्या क्षुद्र भांड्याच्या झाकणालासुद्धा वाफ जायला भोक ठेवतात.