ट्रिगरला बांधलेलं इलॅस्टिक

नवरा तयार घरांच्या कारखान्यात आहे. तिथे मोठ्या टेबलांवर आख्ख्या भिंती जोडतात आणि ट्रकवर चढवतात. त्याच्याकडे खिळे मारायची गन. दिवसभर ट्रिगर दाबून बोट असं आखडायचं की संध्याकाळी त्याला लेकीच्या झबल्याची गाठ सोडवता यायची नाही.

"मग ट्रिगर दाबलेलाच बांधून टाक ना," मीच म्हणाले. "गनचं टोक लाकडाला टेकल्याशिवाय खिळा सुटत नाही म्हणतोस, मग भीती कसली?" आणि इलॅस्टिकचा तुकडा कापून दिला. मी! लेकीच्या अंघोळीचं पाणी तीनदा तपासणारी.

"बाईसाहेब, शिक्षण कामी आलं हो!" तो हसला.

आठवड्याभरात सगळ्या टेबलांवरच्या गन बांधल्या गेल्या. भिंती भराभर निघत होत्या, म्हणून सुपरवायझरनेही डोळ्यांवर कातडं ओढलं.

मंगळवारी नवरा गन हातात धरूनच फळी घ्यायला वळला. टोक जोडीदाराच्या गुडघ्याला लागलं. त्या काडीपहिलवानाला सगळे 'पैलवान'च म्हणतात. गनला लाकूड काय नि गुडघा काय! तीन इंची खिळा आत गेला.

"गन बिघडली होती असं सांगितलंय," घरी येऊन नवरा म्हणाला. "तू तोंड उघडू नकोस. नोकरी जाईल."

"आणि बाकीच्या गन?"

"बघू."

"बघू काय? उद्या सकाळी सातला त्याच हातात घेतील ना सगळे?"

मीच त्याला उठवलं आणि लेकीला घेऊन आम्ही दवाखान्यात गेलो.

"या वहिनी! आता पाऊस कधी येणार ते माझ्या गुडघ्याला विचारा," पैलवान म्हणाला.

"भाऊजी, ते इलॅस्टिक माझ्या डोक्यातून निघालं होतं."

त्याचं हसू मावळलं. "ठाऊक आहे. म्हणून तर मीही माझी गन बांधली. म्हटलं, शिकलेली बाई, पोरीला डोळ्यांत तेल घालून जपणारी. ती सांगते म्हणजे धोका नसणार."

बाहेर येऊन मी सुपरवायझरला फोन लावला.

"साहेब, गन बिघडलेली नव्हती. ट्रिगर बांधलेला होता. सगळ्या गन सोडवल्याशिवाय उद्या कुणाला हात लावू देऊ नका."

"कुणी सुरू केलं हे?"

"कल्पना माझी. पहिली गन माझ्या नवऱ्याची."

लेकीला खांद्यावर घेऊन तो शेजारीच उभा होता. त्याने मला अडवलं नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही.