अर्थ नीट जोडावा

आमचे हे कर्ली नदीच्या तरीवर होडी चालवायचे. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांना रेडिओ बनवायचं खूळ लागलं. मुंबईहून पोस्टाने एक पुस्तक आणि सुटे भाग मागवले आणि उतारू येईपर्यंत होडीत बसून वाचू लागले. कशासाठी, ते सांगितलं नाही, पण मला ठाऊक होतं. आमची विमला पुढच्या महिन्यात, एका गुरुवारी संध्याकाळी, आकाशवाणीवर गाणार होती. तिने आपल्या मनाने लग्न केलं, तेव्हापासून चार वर्षं ह्यांनी तिचं नाव घेतलं नव्हतं. गावात रेडिओ एकच, तो खोतांकडे. तिथे जाऊन ऐकायचं म्हणजे चारचौघांत हार मानल्यासारखं. स्वभावाला औषध नाही.

रेडिओ झाला, पण हेडफोनमध्ये नुसती खरखर. पुस्तकात लिहिलं होतं, 'अर्थ नीट जोडावा, नाहीतर केवळ खरखर ऐकू येते.' हे श्रावणात देवळात पोथी सांगणारे. त्यांना ते वाक्य फार आवडलं. पंधरा दिवस त्याच पानाचा अर्थ लावत बसले. एकदा रिकामी होडी आणताना मध्येच वल्हं थांबलं. होडी ओहोटीबरोबर हळूहळू समुद्राकडे निघाली, पाण्यावर संध्याकाळचं पिवळं ऊन होतं, आणि मला काही हाक मारवेना. किती वेळ मी तशीच बघत राहिले.

गाण्याच्या आदल्या दिवशी मात्र धीर सुटला आणि हे मालवणच्या तार ऑफिसात गेले. तिथले मास्तर पोट धरून हसले.

"अहो, तो इंग्रजी शब्द. अर्थ म्हणजे जमीन. एक तार ओल्या मातीत पुरा."

विहिरीकडच्या धुण्याच्या दगडाशी, जिथे कायम ओल असते, तिथे तार पुरली.

गुरुवारी दिवेलागणीला खरखर विरत गेली आणि ह्यांचा चेहरा बदलला. हेडफोन एकच. मी हात पुढे केला, तर दिला नाही. दहा मिनिटं डोळे मिटून बसले. मी आईच ना तिची? असा संताप आला मला. माझ्या कानाला लागला तेव्हा बातम्या सुरू झाल्या होत्या.

"खयचा गाणा म्हटल्यान?" मी रागानेच विचारलं.

"गाणा माका कळला नाय," हे म्हणाले. "मदी मदी ती श्वास घेय, तो आयकलंय. आमच्या विमलाक श्वास पुरणा नाय गो. पत्र घाल तिका. आठ दिस हय येवन रव म्हणान."