मास्तर पाण्यात

आमच्या गावातल्या निम्म्या लोकांना गाडी चालवायला बाबांनी शिकवलं. आईला मात्र गावाच्या दुसऱ्या टोकाच्या ड्रायव्हिंग स्कूलने शिकवलं, आणि तेही चोरून. त्याआधी तिने बाबांकडे एक धडा घेतला होता, तो अकरा मिनिटं टिकला. मी तीन धडे टिकले आणि मग स्कूटरवर समाधान मानलं. परक्या माणसाशी लोण्यासारखं बोलणारे बाबा घरचं माणूस शेजारी बसलं की असे ओरडतात, की रस्त्यावरची कुत्रीसुद्धा हात दाखवून वळतील.

आईला लायसन्स मिळून चार महिने झाले होते. घरच्या जीपचं स्टिअरिंग अजून मिळायचं होतं.

आई नर्स आहे. तिच्या दवाखान्याने जंगलातल्या वस्त्यांसाठी फिरता दवाखाना काढायचं ठरवलं होतं. मोठ्या चाकांची गाडी, आत लसींचा फ्रीज, आणि ती गाडी स्वतः चालवत नेणारी नर्स. डॉक्टरीणबाईंनी आईला विचारलं होतं आणि सोमवारपर्यंत उत्तर मागितलं होतं.

"एकदा तरी असला रस्ता माझ्या हाताखालून गेला पाहिजे," पहिल्या मुक्कामी तंबूत आई मला म्हणाली होती. "नाहीतर मी कशाच्या जोरावर हो म्हणू? तिकडे अडकले तर माझ्याबरोबर लसीही अडकणार."

आज सहलीचा तिसरा दिवस होता. लाल मातीची वाट, दोन्हीकडे माणसापेक्षा उंच गवत, मधूनच पंख्यासारख्या पानांची ताडाची झाडं आणि बाबांच्या पोटाएवढी गोल वारुळं. काल सकाळपासून आम्हाला दुसरी गाडी दिसली नव्हती.

"आता सपाट आहे. मी घेऊ का?" आईने विचारलं.

"सपाट दिसतं तिथेच खाली वाळू असते."

थोड्या वेळाने आई म्हणाली, "वाळू संपली."

"हो, पण आता चढ आहे."

"मास्तर," मागून मावशी म्हणाली, "चढ, उतार आणि सपाट सोडून चौथा रस्ता कुठे मिळतो ते सांगा, आपण तिकडे जाऊ." मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. ती शिवणकाम करते. बाबांना गावात सगळे मास्तर म्हणतात, तशी तीही म्हणते. फक्त तिच्या तोंडी ते दूषण वाटतं.

"ताई, तुम्हाला गंमत वाटते," बाबा म्हणाले. "शिकवायच्या गाडीत माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो. ह्या गाडीत बाजूच्या सीटला ब्रेक नाही. मी दाबू काय?"

"जीभ."

आई खिडकीबाहेर बघत हसली, पण फार वेळ नाही.

दहाच्या सुमाराला नदी आली. तशी ती रुंद नव्हती, मी नजरेने अंदाज घेतला तर पंचवीस-तीस मीटर. पण वरच्या अंगाला पाऊस झालेला असणार, कारण पाणी दुधाच्या चहासारखं गढूळ होतं आणि तळ अजिबात दिसत नव्हता. मी एक पान सोडून वेळ मोजली. दहा मीटर जायला त्याला बारा सेकंद लागले.

"मगरी?" मावशीने पाय वर घेत विचारलं.

"कालच्या नाक्यावरचा वनरक्षक म्हणाला, ह्या नदीत नाहीत," बाबा म्हणाले.

"त्याने मगरींना विचारलं होतं का?"

मागे फिरायचं तर एकशे चाळीस किलोमीटर, आणि तेवढं डिझेल नव्हतं. पुढे चाळीस किलोमीटरवर पंप होता. आधी स्वतः चालून न पाहिलेल्या पाण्यात गाडी घालायची नाही हा बाबांचा नियम. त्यांनी पँट गुंडाळली, हातात काठी घेतली आणि ते आत उतरले. मी काठावरून त्यांनी ओरडून सांगितलेले आकडे लिहून घेतले. गाडीच्या वाटेत सगळ्यात खोल जागी बासष्ट सेंटीमीटर. आमच्या जीपला सत्तरपर्यंत चालतं. म्हणजे जमण्यासारखं होतं, पण एक मेख होती. पाण्याखाली दगडांची एक पट्टी होती, गाडीपेक्षा हातभरच रुंद, आणि ती सरळ न जाता मध्येच उजवीकडे वळत होती. पट्टीच्या दोन्ही बाजूंना काठी बुडत होती.

वळणावर खूण म्हणून बाबांनी काठी रोवली. ती वाहून गेली. मग तंबूचा खांब रोवला. तोही निघाला होता, पण मावशीने बोंब मारली आणि बाबांनी तो धावत पकडला.

"तिथे माणूसच उभं राहायला पाहिजे," मी म्हणाले आणि उतरले. माझं वजन एकोणपन्नास किलो. पाणी मांडीला लागलं तसे माझे पाय तळावरून सुटायला लागले.

"परत ये! आधी परत ये!" बाबा ओरडले. मी आले. वाहत्या पाण्यात उभं राहायला वजन लागतं, आणि आमच्यात ते एकाकडेच होतं. बाबांचं ब्याण्णव किलो.

बाबा वळणावर कमरेवर हात ठेवून उभे राहिले. पाणी त्यांना वळसा घालून जात होतं, ते हलत नव्हते. त्यांनी नदीकडे पाहिलं, मग जीपकडे, मग पुन्हा नदीकडे. आपण एका वेळी दोन ठिकाणी असू शकत नाही हे त्यांच्या लक्षात येताना मी स्पष्ट पाहिलं. मला चारचाकी येत नव्हती. मावशीला शिवणयंत्र येत होतं.

आई ड्रायव्हरच्या बाजूला गेली. दरवाजा उघडून बसली आणि तिने सीट पुढे ओढली.

बाबा पाण्यातून परत आले आणि खिडकीशी उभे राहिले. "पहिला गिअर. मधे बदलायचा नाही. वेग एकसारखा. आणि काही झालं, अगदी आभाळ कोसळलं तरी ब्रेक लावायचा नाही. थांबलीस की चाकांखालची वाळू पाणी ओढून नेतं. कळलं?"

"कळलं."

"ब्रेक नाही."

"अहो, कळलं. जा आता, उभे राहा."

मावशी आणि मी मागे बसलो. वजन जास्त तर चाकांना पकड जास्त, असं मी मावशीला समजावलं होतं. ते तिने वैयक्तिक घेतलं.

गाडी पाण्यात शिरली. समोर लाट उठली. बाबा दोन्ही हातांनी खुणा करत होते, डावा हात एक सांगायचा आणि उजवा दुसरंच.

आईने खिडकीतून डोकं काढलं. "एकच हात!"

बाबांनी डावा हात मुकाट्याने पाठीमागे नेला. वर्गात शिक्षा झालेल्या मुलासारखे ते पोटऱ्यांपर्यंत नव्हे, चांगले मांड्यांपर्यंत पाण्यात उभे, आणि उजव्या हाताने जरा इकडे, जरा इकडे, सरळ. वळण आलं. आईने स्टिअरिंग फिरवलं. पुढचं डावं चाक कशावरून तरी घसरलं, गाडी एका अंगाला कलली आणि मावशी माझ्या मांडीवर आली.

"ब्रेक!" बाबा किंचाळले. "ब्रेक! ब्रेक दाब!"

आईने दाबला नाही. तिच्या पायाकडे मी पाहत होते. तो एक्सलरेटरवर होता तसाच राहिला, कमी नाही की जास्त नाही. चाकाखाली दगड घरंगळल्याचा आवाज झाला, गाडी धक्का देऊन वर आली, सरळ झाली आणि पाणी ओकत पलीकडचा चढ चढून गेली. वर सपाटीला आईने गाडी उभी केली, हँडब्रेक ओढला आणि मगच श्वास सोडला.

बाबा निथळत वर आले. बावीस वर्षं शिकवण्यात गेलेला माणूस. पहिली दोन मिनिटं त्यांनी गाडीची खालून पाहणी करण्यात घालवली.

"मी ब्रेक म्हणालो," ते शेवटी म्हणाले.

"ऐकलं मी."

"दाबला असतास तर गाडी तिथेच बसली असती."

"हो."

"सवय लागलीय गं तोंडाला." ते आईकडे नीट पाहत म्हणाले, "बरं झालं ऐकलं नाहीस."

"ताई ऐकतेय बरं का," मावशी म्हणाली. "हे वाक्य मी उशीवर भरतकाम करून देणार आहे."

बाबा सवयीने ड्रायव्हरच्या दाराशी गेले. आई तिथेच बसलेली होती. तिने आरशाचा कोन स्वतःच्या उंचीला जुळवून घेतला. बाबा गाडीला वळसा घालून दुसऱ्या बाजूने चढले.

चार-पाच किलोमीटर आईने गाडी चालवली. मग आई म्हणाली, "फोनला रेंज आली की डॉक्टरीणबाईंना हो सांगते."

"सांग," बाबा म्हणाले. मग जरा वेळाने, "त्यांच्या गाडीचे टायर कुठले आहेत ते विचार. नाहीतर नको, मीच येऊन बघतो. आणि जॅक. असल्या लोकांच्या गाडीत जॅक कधी चालत नाही."

"अहो, हे काम मला दिलंय. तुम्हाला नाही."

"मी कुठे काय म्हटलं?"

पुढे बांबूच्या बनातून एक ओढा आडवा गेलेला दिसला. लहानच, पण पाणी तसंच गढूळ. आईने काठाशी गाडी थांबवली आणि इंजिन चालू ठेवलं. कोणी काही म्हणायच्या आत बाबांनी दार उघडलं आणि पँट गुंडाळायला घेतली.