वासाची वही

मी दहा वर्षं वाइन केली, पण प्यायलो नाही. १९५६ साली, विसाव्या वर्षी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हाच पाचवं शील घेतलं होतं, नशेच्या पेयापासून दूर राहण्याचं. ते मोडावंसं कधी वाटलं नाही. मग वाइन करायची कशाला, असं लोक विचारत. कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका वाचनालयात मी ग्रंथपाल होतो. कुणीतरी दान केलेल्या पेटीत द्राक्षं आणि वाइन यांवरचं एक जाड इंग्रजी पुस्तक निघालं. ते कुणीच घरी नेत नव्हतं, म्हणून मीच चारदा वाचलं. १९८९ साली कागलच्या घरामागच्या चार गुंठ्यांत काळ्या द्राक्षांचे साठ वेल लावले. वेल मोठे झाल्यावर पुस्तकाप्रमाणे जानेवारीत छाटले आणि एक वर्ष वाया घालवलं. आपल्याकडे फळासाठीची छाटणी ऑक्टोबरात करतात, हे शेजारच्या उसातून हंबीररावांनी ओरडून सांगितलं तेव्हा कळलं.

"मास्तर, पुस्तकातली थंडी हितं कुटली वो?"

त्यानंतर ते रोज संध्याकाळी सहाला यायला लागले. आमची वाटणी ठरून गेली. वास मी घ्यायचा, घोट त्यांनी. बुधल्याला नाक लावून मी सांगायचो, पेरू, ओला गूळ, कधी नव्या वहीचा कागद, आणि तसं तारखेसह लिहून ठेवायचो. ते घोट घेऊन डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "व्हय, येतोय की." वास जरा बदलला की मला आधी कळायचं. त्यावरून रस गाळून दुसऱ्या बुधल्यात भरायचा दिवस ठरायचा. हंबीरराव माझ्याकडे येतात की माझ्या नाकाकडे, हे मला कधी ठरवता आलं नाही. मला फारसं बोलता येत नाही. त्यांच्याशिवाय माझ्याकडे कुणी येतही नव्हतं.

२००१च्या ऑक्टोबरात छाटणी करताना स्टुलावरून पडलो. डोक्याची मागची बाजू दगडी खांबावर आपटली, चार टाके पडले. आठवड्याने मी स्वयंपाकघरात पेपर वाचत बसलो असताना माझी बायको यल्लव्वा परसातून धावत आली.

"आवो, वांगी जळून कोळसा झाली. शेजारी बसून वास न्हाई आला?"

नव्हता आला. मग मी एकेक डबा उघडून पाहिला. हिंग, कापूर, रॉकेल. सगळ्यांत नुसती हवा होती. कोल्हापूरचे डॉक्टर म्हणाले, नस तुटली असेल, येईल किंवा येणार नाही. मला वाईट वाटायला हवं होतं. एसटीत बसल्यावर मी एवढाच विचार करत होतो, की आता सहाला हंबीरराव येतील.

यल्लव्वाला म्हटलं, त्यांना सांगू नकोस.

"त्यात लाजायचं काय? नाक हाय की जागंवर," ती म्हणाली. पण सांगितलं नाही.

फेब्रुवारीत द्राक्षं उतरवली, तुडवली, आंबायला ठेवली. हंबीरराव आले की मी बुधल्याशी वाकायचो, थोडा वेळ तसाच राहायचो आणि गेल्या सालच्या वहीतलं त्या तारखेचं पान पाठ म्हणायचो. "पेरू. मागे थोडा गूळ." ते घोट घेऊन म्हणायचे, "व्हय, येतोय की." पहिल्या दिवशी सुटल्यासारखं झालं. पुढे तसंही काही होईना.

एप्रिलमध्ये एका बुधल्याची नळी कोरडी दिसली. बुचातून एक रबरी नळी पाण्याच्या बाटलीत सोडलेली असते, म्हणजे आतली हवा बाहेर येते आणि बाहेरची आत जात नाही. बाटलीतलं पाणी आटलं होतं. किती दिवसांपासून, ते कळायला मार्ग नव्हता. हवा लागली की वाइनचा शिरका, म्हणजे व्हिनेगर, होतो; एरवी बूच काढताच वासावरून कळलं असतं. त्यातच हंबीररावांनी ठरवलं होतं, रविवारी दोन बाटल्या भरायच्या आणि शिरोळला लेकीच्या सासरी न्यायच्या.

शनिवारी दुपारी यल्लव्वा गिरणीत गेली होती. मी वाटीत थोडी वाइन ओतली आणि प्यायलो. शील घेतल्याला शेहेचाळीस वर्षं झाली होती. आंबट लागली. वाइन आंबट असते हे पुस्तकात होतं. किती आंबट, ते नव्हतं. मी याआधी कधीच प्यायलो नव्हतो, त्यामुळे ती चांगली की बिघडलेली हे मला कळलं नाही. वाटी धुऊन पालथी घातली. रविवारी सकाळी विहारात सगळ्यांबरोबर पाचवं शील म्हटलं. आवाज नेहमीसारखाच निघाला. मी काहीतरी होण्याची वाट पाहत होतो.

संध्याकाळी हंबीरराव धुतलेल्या दोन बाटल्या आणि नरसाळं घेऊन आले.

"काय म्हनतोय वास?"

"पेरू," मी म्हणालो.

त्यांनी घोट घेतला. डोळे मिटले. "व्हय, येतोय की." आणि नरसाळं पहिल्या बाटलीत बसवलं.

"थांबा," मी म्हणालो. "मला वास येत नाही. ऑक्टोबरपासून."

त्यांनी बुधला खाली ठेवला. "मग ह्यो पेरू?"

"गेल्या सालचा."

त्यांनी पुन्हा घोट घेतला, या वेळी डोळे उघडे ठेवून. बराच वेळ तोंडात धरला आणि वेलाच्या बुडाशी थुंकला.

"शिर्का हाय ह्यो, मास्तर."

"मग येतोय का म्हणालात?"

"धा वर्सं त्येच म्हनतोय. मला आपलं आंबाटच लागायचं. तुमी पेरू म्हनला की पेरू यायचा."

"काल मीही प्यायलो," मी म्हणालो.

"तुमी? मग कशी लागली?"

"आंबट."

"तेवडं तर मला बी सांगता येतंय."

हसलं कुणीच नाही. आम्ही तो बुधला मोरीत रिकामा केला. उरलेल्या दोन बुधल्यांचं त्यांनी विचारलं नाही, मीही काढलं नाही. शिरोळच्या पावण्यांना काकवी नेतो, असं म्हणून ते रिकाम्या बाटल्या घेऊन गेले.

सोमवारी सहा वाजून गेले. साडेसहाला मी खुर्ची आत घ्यायला उठलो. पावणेसातला ते उसाच्या बांधावरून आले आणि ओट्यावर टेकले. वही आत होती.

"मग आता काय करायचं बसून?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

"माहीत नाही."

"बरं," ते म्हणाले, आणि चपला काढून पाय वर घेऊन बसले.