ताईचं चित्र आधी येतं

टीव्हीचा आवाज बंद केलास का, असं धाकटीने फोनवर पुन्हा विचारलं. केला गं बाई, आता माझाही गळा दाबतेस का, असं ताईने तिकडून सुनावलं.

हा दोघी बहिणींचा जुना नेम होता. ताई जन्मदेशीच राहिली, धाकटी लग्न होऊन या देशात आली. बर्फाच्या डोंगरावरून स्कीवर उतरायची शर्यत असली की दोघी फोन चालू ठेवून एकत्र बघायच्या. ताईकडे चित्र काही क्षण आधी पोचायचं. आवाज राहिला तर धाकटीला निकाल आधीच कळायचा आणि मग भांडण जुंपायचं. धाकटी दोन्ही देशांच्या बाजूने ओरडायची. ताई चिडवायची, तुझं बरं आहे, कुणीही जिंकलं तरी तूच जिंकतेस.

आता तिकडून ताईचा मुलगा उतरायचा आणि इकडून धाकटीचा. कुणीही पडलं तरी आता तीच पडणार होती.

धाकटी इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची. आज तिथल्याच टीव्हीसमोर उभी होती तरी हातात चादर होतीच. मुलाच्या गुडघ्याचं गेल्या हिवाळ्यात ऑपरेशन झालं होतं. सकाळी तो फोनवर म्हणाला होता, "आई, तू बघू नकोस. तू बघतेस ते मला वर कळतं." तिने बरं म्हटलं होतं.

आधी भाचा उतरला. फोनमधून ताईचा मोठा सुस्कारा आला आणि पोर सुखरूप पोचल्याचं धाकटीला कळलं. पडद्यावर तो अजून मधल्या वळणावरच होता.

"टीव्ही गप्प केलास, तुला कोण गप्प करणार?" धाकटी हसली.

मग तिचा मुलगा निघाला. ताईला गप्प बसणं जमेना. लहान मुलाला जिना उतरवताना करतात तसं ती वळणावरच्या प्रत्येक झेंडीला "हं... हं..." करत होती. धाकटीचा सगळा जीव त्या हुंकारात होता. हुंकार आला की वळण पार पडलं, मग ते पडद्यावर दिसायचं.

पुढचा हुंकार आलाच नाही.

"ताई?"

फोन चालू होता. ताईचा श्वास ऐकू येत होता.

"धाकटे," ताई अगदी हळू म्हणाली, "टीव्ही बंद कर, बाळा."

धुलाईघराचा बॉयलरवाला हात पुसत दारात येऊन उभा राहिला होता. "छान चाललाय की पोरगा," तो म्हणाला.

खरंच छान चालला होता. गुडघे वाकलेले, पाठ सपाट, काठ्या बगलेत घट्ट. धाकटीचा हात बटणापर्यंत गेला आणि मागे आला. चादर पोटाशी धरून ती मुलाकडे बघत राहिली.

"हो," ती म्हणाली. पुढची झेंडी जवळ येत होती. पडद्यावर तो अजून उभा होता.